गेम आणि गॅजेटच्या तक्रारींवर वाद घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनच्या स्क्रीनवर अचानक हिरवी रेघ उमटली, किंवा चार हजारांचा गेम दर अर्ध्या तासाने बंद पडतोय, असं कुणी लिहिलं की खाली लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘कंपनी चोर आहे’. दुसरा म्हणतो, ‘तुलाच वापरता येत नाही’. तक्रारीत तथ्य किती, हे पाहायला कुणी थांबत नाही आणि ज्याचे पैसे अडकलेत तो तसाच राहतो. असे वाद घालताना पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

गेम आवडला नाही, ही तक्रार होऊ शकते का?

मत म्हणून जरूर मांडा. पण ग्राहक म्हणून तक्रार करायची तर एक गोष्ट तपासावी लागते: विकताना काय सांगितलं होतं आणि हातात काय पडलं? या दोहोंत अंतर असेल तर तक्रार आहे. अंतर नसेल तर ती नावड आहे, आणि नावड असण्यात गैर काही नाही.

‘मास इफेक्ट ३’ मार्च २०१२ मध्ये आला तेव्हा शेवट न पटल्याने खेळाडू इतके भडकले की प्रकरण ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेपर्यंत गेलं. तुमच्या निर्णयांवर शेवट ठरेल असं सांगितलं होतं, तसं झालं नाही, असा मुद्दा होता. संस्थेने तो फेटाळला. निर्णयांचा शेवटावर परिणाम होतो, भले तो चाहत्यांना हवा तेवढा नसेल, असं तिचं म्हणणं पडलं. कंपनीने जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट दिला, पण तो चाहत्यांच्या दबावामुळे. फसवणूक सिद्ध झाली म्हणून नव्हे. मला हा निवाडा योग्य वाटतो. कथेचा शेवट फसणं ही लेखनातली उणीव आहे, मालातला दोष नाही.

‘घेण्याआधी विचार करायचा होता’ असं कुणी म्हटलं तर?

विचार करायला माहिती लागते, आणि ती कुणाच्या हातात होती ते आधी विचारा. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला. त्याआधी समीक्षकांना गेम मिळाला तो पीसीवरचा. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर) तो कसा चालतो हे विक्री सुरू होईपर्यंत बाहेरच्या कुणालाही पाहायला मिळालं नाही. सुरुवातीच्या परीक्षणांत समीक्षकांना स्वतःचं चित्रण वापरायचीही मुभा नव्हती, कंपनीने दिलेलंच दाखवायचं होतं. ज्यांनी परीक्षणं वाचून, नीट विचार करून जुन्या कन्सोलसाठी गेम घेतला, त्यांच्या पदरात अडखळणारा, चेहरे धूसर दिसणारा, मध्येच बंद पडणारा गेम पडला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. तो परत आला जून २०२१ मध्ये. जुन्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवायला हवा होता, हे कंपनीने जाहीर माफीत कबूल केलं.

अशा वेळी ग्राहकाला उतावळा म्हणणं अन्यायाचं आहे. प्री-ऑर्डर (गेम येण्याआधीच पैसे भरून नोंदणी) करू नये हा सल्ला चांगलाच, मीही तो देते. पण सल्ला न ऐकल्याने कुणाचा हक्क जात नाही.

पण नंतर तो गेम सुधारला ना? मग आरडाओरडा चुकीचाच ठरला!

‘सायबरपंक’ सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर खरोखर उत्तम झाला. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये शिव्या खाऊन पुढची कितीतरी वर्षं फुकट अपडेट देत राहिला, आणि आज तो खेळणारे त्याचं मनापासून कौतुक करतात. दोन्ही संघांच्या चिकाटीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

तरी पूर्ण किंमत पहिल्या दिवशी मोजली गेली होती. तीन वर्षांनी मिळालेला चांगला गेम हे त्या दिवशीच्या तक्रारीचं फळ आहे. सगळे गप्प बसले असते तर तो कदाचित सुधारलाही नसता.

जाहिरातीत दाखवलेलं गेममध्ये नसेल तर ती फसवणूक समजायची का?

दरवेळी नाही. दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. ‘एलियन्स: कोलोनियल मरीन्स’ (२०१३) च्या जाहिरातीतली दृश्यं प्रत्यक्ष गेमपेक्षा कितीतरी सरस होती. ब्रिटनमध्ये तक्रार गेल्यावर गेम विकणाऱ्या सेगा कंपनीने मान्य केलं की ही दृश्यं अंतिम गेमची नाहीत आणि तशी सूचना टाकायची तयारी दाखवली. ‘नो मॅन्स स्काय’च्या वेळी त्याच नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्या गेममधली ग्रहं आणि प्राणी संगणक गणिताने घडवतो, त्यामुळे जाहिरातीतला नेमका प्राणी प्रत्येकाला भेटेलच असं नाही. पण त्या धाटणीचं जग गेममध्ये आहे, असं तिने मानलं.

इथे एक गोष्ट मात्र निसटते. संस्थेने जाहिरात तपासली. गेम येण्याआधी मुलाखतींतून जे सांगितलं गेलं, त्यावर लोकांचा खरा राग होता, आणि त्या बोलण्याची तपासणी या निकालात नव्हती. म्हणून ‘निकाल लागला, विषय संपला’ असं कुणी म्हणालं तर निकाल नेमका कशाचा लागला ते विचारा.

‘माझ्याकडे तर एकदम मस्त चालतंय’ या वाक्यापुढे काय बोलायचं?

त्या माणसाकडे मस्त चालत असेलच, तो खोटं बोलत नाही. फक्त त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सॅमसंग गॅलेक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवून फोन परत मागवायला सुरुवात केली, तेव्हा सुमारे २५ लाख फोन बाहेर गेले होते आणि बॅटरीबाबत नोंदलेल्या घटना होत्या ३५. म्हणजे लाखामागे दोनसुद्धा नाहीत. जवळपास प्रत्येक मालक ‘माझा नीट आहे’ असंच म्हणाला असता. पण बॅटरी पेटत होती, आणि फोन उशाशी ठेवून लोक झोपतात, विमानात नेतात. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद झालं. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगवेगळे दोष होते.

धोका जीवावरचा असेल तर थोड्या घटनाही पुरेशा असतात. त्रास नुसता गैरसोयीचा असेल तर प्रमाण पाहावं लागतं. एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे लागून यंत्र मरायचं. मायक्रोसॉफ्ट सुरुवातीला हे नेहमीच्या मर्यादेतलं बिघाडाचं प्रमाण असल्याचं सांगत होती. शेवटी जुलै २००७ मध्ये या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. तिथे तक्रार करणाऱ्यांची संख्याच बोलली.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. फोन नीट चालणारा माणूस सहसा पोस्ट लिहीत नाही. पन्नास तक्रारी एकत्र दिसल्या म्हणून निम्मे फोन बिघडलेत असं होत नाही.

कंपन्या जुने फोन मुद्दाम मंद करतात, हे खरं ना?

तक्रार कशी मांडली की टिकते आणि कशी मांडली की ढासळते, हे या प्रकरणाइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर.

वर्षानुवर्षं लोक म्हणत होते की नवा आयफोन आला की जुना रखडतो. पुरावा नव्हता, त्यामुळे हसण्यावारी जायचं. डिसेंबर २०१७ मध्ये एका आयफोनधारकाने लिहिलं की बॅटरी बदलल्यावर फोनच्या वेगाची मोजणी झपाट्याने वर गेली. मग गीकबेंच ही चाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी आपल्याकडे जमलेल्या हजारो मोजण्यांचे आलेख मांडले. एकाच मॉडेलच्या फोनचे आकडे एका ठिकाणी एकवटलेले असायला हवेत. पण ठरावीक अपडेटनंतर आयफोन ६एसच्या आलेखावर खालच्या वेगाचे नवेच उंचवटे दिसू लागले होते. बॅटरी जीर्ण झाल्याने फोन आपोआप मंदावला असता तर आकडे असे ठरावीक पायऱ्यांवर थांबले नसते. सॉफ्टवेअर वेग बांधून टाकत होतं.

ॲपलने ते मान्य केलं आणि कारणही दिलं. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज ओढली की विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो आणि ३०-४० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून वेगाची कमाल मर्यादा खाली आणली होती. तांत्रिकदृष्ट्या हे कारण पटण्यासारखं आहे. प्रश्न होता तो न सांगण्याचा. नुसती बॅटरी बदलून सुटणारी अडचण लोक हजार डॉलरचा नवा फोन घेऊन सोडवत होते, कारण दुखणं बॅटरीत आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

यानंतर ॲपलने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला आणि बॅटरीची तब्येत दाखवणारं पान सेटिंगमध्ये दिलं. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो माहिती न दिल्याबद्दल. अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांशी झालेल्या समझोत्यात आणखी ११.३ कोटी डॉलर गेले.

‘फोन खपावेत म्हणून मुद्दाम बिघडवतात’ हा आरोप कंपनीने शेवटपर्यंत नाकारला. ‘आम्हाला न सांगता वेग कमी केला’ हा आरोप नाकारता येण्याजोगा नव्हता. कंपनीच्या मनात काय होतं यावर भांडणारे भांडतच राहिले. कंपनीने केलं काय, हे मोजून दाखवणाऱ्यांमुळे लाखो लोकांना स्वस्तात बॅटरी मिळाली.

पैसे देऊन घेतलेला गेम कंपनी बंद कशी करू शकते?

करते, आणि बहुतेकदा करारात तशी तरतूद असते. तुम्ही ‘खरेदी करा’ बटण दाबता, पण मिळतो तो वापरायचा परवाना.

युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या २०१४ च्या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. एकट्यानेही खेळता येणारा गेम, पण तो सतत सर्व्हरशी बोलायचा, त्यामुळे डिस्क हातात असूनही निरुपयोगी झाली. यावरूनच रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय संघाकडच्या तिच्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, फक्त परवाना देत असाल तर तसं ग्राहकाला खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगावं लागतं.

मोहिमेची मागणी नीट समजून घ्या, कारण विरोधक ती हमखास वाकडी करून सांगतात. सर्व्हर कायम चालू ठेवा असं ती म्हणत नाही. दुकान बंद करताना गेम कुठल्या तरी रूपात चालता ठेवून जा, एवढंच म्हणते. कंपन्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत: गाड्यांच्या ब्रँडचे आणि संगीताचे परवाने संपतात, दुसऱ्यांकडून घेतलेलं सॉफ्टवेअर मोकळं करता येत नाही. पण गेम रचतानाच याचा विचार केला तर मार्ग निघतो. युबीसॉफ्टनेच या गदारोळानंतर ‘द क्रू २’ साठी ऑफलाइन सोय जाहीर केली.

विकल्यानंतर सोय काढून घेण्याचा प्रकार जुनाच आहे. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली बसवायची मुभा होती; सोनीने एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये ती काढली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद. खटला चालला आणि सोनीला समझोता करावा लागला.

रिव्ह्यू बॉम्बिंग योग्य की अयोग्य?

रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणजे रागावलेल्या लोकांनी एकाच वेळी वाईट परीक्षणांचा मारा करणं. मुद्दा मालाबद्दलचा असेल तर माझ्या मते योग्य. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशन खातं जोडायची सक्ती जाहीर झाली. ज्या देशांत असं खातं उघडताच येत नाही तिथेही हा गेम विकला गेला होता. त्या लोकांनी पैसे भरून घेतलेला गेम सरळ हातचा जाणार होता. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर नापसंतीचा पाऊस पडला आणि तीन दिवसांत सोनीने सक्ती मागे घेतली.

एखाद्या कलाकाराचं राजकीय मत आवडलं नाही म्हणून न खेळलेल्या गेमला शून्य गुण देणं मात्र पुढच्या ग्राहकाची दिशाभूल आहे. स्टीम २०१७ पासून परीक्षणांचा काळानुसार आलेख दाखवतं. तो उघडा. एका तारखेला खड्डा पडलेला दिसला तर त्या दिवशी काय घडलं ते वाचा आणि मग मत बनवा.

डेव्हलपरला सुनावलं तर काय बिघडलं?

पुष्कळ बिघडतं. ‘नो मॅन्स स्काय’ची तारीख जूनवरून ऑगस्टवर गेली तेव्हा त्याच्या निर्मात्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. गेम कधी बाजारात आणायचा, किंमत काय ठेवायची, हे बहुतेक ठिकाणी कोड लिहिणारा ठरवत नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीनेही वॉरंटीचे नियम बनवलेले नसतात. तिच्याकडून लेखी उत्तर मागा, आवाज चढवू नका. शिवीगाळ झाली की कंपनीला तक्रारीवर बोलायची गरजच उरत नाही, ती शिवीवर बोलते.

सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘लिक्विड डॅमेज’. फोन पाण्यात पडलेलाच नाही. आता?

पुष्कळ फोनमध्ये पाणी लागल्याचं दाखवणारी एक छोटी पांढरी पट्टी असते. अनेक आयफोनमध्ये सिमचा ट्रे काढून खाचेत टॉर्च मारला की ती दिसते. पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होते. तिच्यावरच विसंबून वॉरंटी नाकारल्याबद्दल अमेरिकेत ॲपलवर खटला झाला. नुसत्या दमटपणानेही पट्टी रंग बदलू शकते, असं तक्रारदारांचं म्हणणं होतं. ॲपलने २०१३ मध्ये ५.३ कोटी डॉलरवर ते प्रकरण मिटवलं. रत्नागिरी, मालवण, पणजीत जुलै महिन्यात खिशातला फोन कसा ओलसर होतो, हे तिथल्या माणसाला सांगायला नको.

पट्टीचा फोटो तुमच्यासमोर काढून मागा. बोर्डावर गंज चढला आहे का, कुठे, हे जॉब शीटवर (सेंटर देतं त्या दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या. ‘लिक्विड डॅमेज’ एवढे दोनच शब्द लिहिलेला कागद स्वीकारू नका.

भारतात कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. ई-कॉमर्सच्या व्याख्येत त्याने डिजिटल उत्पादनंही घेतली आहेत. मात्र फुकट मिळणारी सेवा त्यात येत नाही; फुकट गेमबद्दल नव्हे, त्यात पैसे भरून घेतलेल्या वस्तूबद्दल भांडता येईल. व्यापारासाठी घेतलेला माल वगळला आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी लॅपटॉप घेतलेला डिझायनर ग्राहकच असतो.

आपल्याकडे दुकानादुकानांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते. सदोष मालाला ती लागू होत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा.

आधी कंपनीला लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तिथे मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच सुटतात. नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथे चालतं आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील बंधनकारक नाही. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

परदेशी कंपनी इथला कायदा मानणार नाही, असं म्हणून हात टेकू नका. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनेही ऑस्ट्रेलियात तोच युक्तिवाद केला होता. परताव्याबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०१६ मध्ये तिला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. आज स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम कारण काहीही असो, परत करता येतो.

तक्रार लिहायची कशी?

‘एकदम भंगार फोन, पैसे पाण्यात, कुणीही घेऊ नका’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. याउलट असं लिहून पाहा: ‘१२ जूनला घेतला. ३ ऑगस्टला अपडेट आलं, ४ तारखेला सकाळी स्क्रीनच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवी उभी रेघ. फोन पडलेला नाही, काच शाबूत. स्क्रीनशॉटमध्ये रेघ येत नाही, दुसऱ्या फोनने काढलेल्या फोटोत येते. सेंटर स्क्रीनचे पैसे मागतंय, वॉरंटी सुरू आहे.’ स्क्रीनशॉटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं आहे: रेघ स्क्रीनशॉटमध्ये नाही म्हणजे बिघाड पॅनेलच्या बाजूला आहे. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी रेघ आली एवढंच लिहा, अपडेटनेच आली असं लिहू नका. ते सिद्ध करणं तुमच्या हातात नाही आणि त्याची गरजही नाही. वॉरंटीतल्या दोषाला कारण कंपनीने शोधायचं असतं.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात.

तक्रार मिटली. जुनी पोस्ट काढून टाकू का?

काढू नका. वर तारीख घालून काय झालं ते लिहा: किती दिवस लागले, कुणाशी बोलल्यावर हललं, पैसे मिळाले की वस्तू बदलून मिळाली. तोच बिघाड झालेला दुसरा माणूस तुमच्या पोस्टपर्यंत पोचेल तेव्हा त्याला हेच हवं असेल. कंपनीने चांगलं वागवलं असेल तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा. पैसे परत देताना ‘पोस्ट डिलीट करा’ अशी अट घातली तर ती ईमेलवर लेखी मागा. बहुतेकदा लेखी येत नाही.